रात्रीचं जेवण दहावरून साडेआठवर कसं आणायचं

घराला चांगल्या सवयी लावायच्या म्हटलं की आधी यादी होते: पहाटे उठणं, व्यायाम, मुलांना वेळ, मोबाइल कमी. पंधरा दिवसांनी ती यादी फ्रिजच्या दारावर तशीच लटकत असते. त्यापेक्षा एकच गोष्ट हलवा: रात्री पानं घ्यायची वेळ. जेवण दहाला झालं की झोप बाराला जाते. सकाळी डबा घाईत होतो किंवा होतच नाही, मग दुपारी बाहेरचं खाणं आणि तीन वाजता डुलक्या. रेंगाळलेलं काम उरकता उरकता निघायला उशीर होतो आणि रात्री पुन्हा दहाच वाजतात. हे चक्र जेवणाच्या टोकाला सोडवणं सगळ्यांत सोपं, कारण तिथे घरातल्या प्रत्येकाचा हात लागू शकतो.

पुढचा सगळा हिशेब चार माणसांच्या घराचा आहे. दोघं नोकरी करणारे, दोन मुलं. ऑफिस मुंबईत आणि घर डोंबिवली-कल्याणकडे, म्हणजे लोकलचा तास-सव्वा तास धरून घरी पोहोचायला आठ. तुमच्या वेळा वेगळ्या असतील तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

आधी तीन दिवस फक्त नोंद

काहीही न बदलता तीन दिवस चार वेळा लिहा: घरात पाऊल टाकलं ती, पहिला घास घेतला ती, ओटा पुसून झाला ती आणि दिवा मालवला ती. सोबत संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात पोटात काय काय गेलं, तेही.

बहुतेक घरांत या कागदावर एकच गोष्ट दिसते. जेवणाला उशीर स्वयंपाकामुळे कमी आणि मधल्या खाण्यामुळे जास्त होतो. दुपारी दीडला जेवलेलं माणूस आठला घरी येतं तेव्हा साडेसहा तासांचं उपाशी असतं. चप्पल काढल्या काढल्या फरसाण, चिवडा, चहा-बिस्किटं. भूक मरते, अंगातला जोर जातो आणि ‘थोडं पडतो’ म्हणेपर्यंत नऊ वाजतात.

म्हणून पहिली दुरुस्ती स्वयंपाकघराबाहेरची आहे. साडेपाचच्या सुमारास, ऑफिसातच, मूठभर फुटाणे (साधारण ३० ग्रॅम) किंवा एक केळं आणि थोडे शेंगदाणे खा. मुलांनाही शाळेतून आल्यावर साडेपाच-सहाला नीट खायला द्या: पोहे, धिरडं, तूप-गूळ-पोळी. साडेसातला दिलेला वडापाव रात्रीचं जेवण मोडतो, सहाला दिलेली पोळी मोडत नाही. शेवटचा चहा चारच्या आत संपवा. कॅफिनचा अंमल निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, काहींना जास्तच. सातचा चहा झाला तर जेवण लवकर होऊनही झोप येत नाही, आणि मग दोष जेवणाच्या वेळेवर जातो.

वेळ एकदम ओढू नका

दहाचं जेवण उद्यापासून साडेआठला, असं ठरवलं की चौथ्या दिवशी साडेअकराला कुणीतरी फ्रिज उघडून उभं असतं. पोटाला लागलेली वेळ एका दिवसात सुटत नाही. दर आठवड्याला पंधरा मिनिटं मागे या. दीड तासाला सहा आठवडे लागतील. झोपायची वेळही तशीच सरकवा; जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तास राहायला हवेत. भरल्या पोटी आडवं झालं की जठरातलं आम्ल अन्ननलिकेत चढायला वाट मिळते. रात्रीची जळजळ आणि सकाळचा आंबट घसा पुष्कळदा तिथून येतो. शिवाय तेच जेवण सकाळच्या मानाने उशिरा रात्री घेतलं तर रक्तातली साखर जास्त चढते, कारण रात्रीकडे शरीर ती तितकीशी नीट हाताळत नाही.

इथे एक इशारा. घरात कुणी इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेत असेल तर जेवणाची वेळ हलवण्याआधी डॉक्टरांना विचारा. औषध जुन्या वेळेला आणि जेवण नव्या, असं झालं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आजी-आजोबांना साडेसातला जेवायची सवय असेल तर ती मोडायची गरज नाही. त्यांना आधी वाढा, नंतर सगळ्यांच्या पंगतीला ते ताकाचा पेला घेऊन बसतील.

साडेसात ते साडेआठ

हा तास नीट बसवला की निम्मं काम झालं.

साडेसातला घरात असलेल्या माणसाने, म्हणजे आजी, आजोबा किंवा कुकर लावायला शिकलेलं मोठं मूल, यांपैकी कुणीही, कुकर लावायचा. चौघांना पाऊण वाटी तूरडाळ आणि दीड वाटी तांदूळ पुरतात. डाळीत अडीचपट पाणी, चिमूटभर हिंग, हळद, दोन थेंब तेल. तांदळात दुप्पट पाणी. कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी, खालच्या भांड्यात डाळ, वरच्या भांड्यात तांदूळ. चार शिट्ट्या, मग पाच मिनिटं मंद आच, आणि वाफ आपोआप जिरू द्या. डाळ अर्धा तास आधी भिजली तर गाठी राहत नाहीत. पण सकाळी भिजवून ओट्यावर ठेवलेली डाळ मुंबईच्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत आंबते. भिजवायची तर फ्रिजमध्ये ठेवा. घरात कुणीच नसेल तर वरण सकाळच्याच कुकरमध्ये शिजवा, गार झालं की फ्रिजमध्ये ठेवा आणि रात्री खळखळून उकळून फोडणी द्या.

आठला घरी आलेल्याने हातपाय धुऊन थेट ओट्याशी यायचं. सोफ्यावर बसायचं नाही. हे कडक वाटेल, पण सगळी घडी इथेच विस्कटते. एका शेगडीवर भाजी फोडणीला, दुसरीवर तवा. एका पोळीला दीड-दोन मिनिटं धरली तर बारा पोळ्यांना वीसेक मिनिटं. ही वेळ गाठायची तर कणीक आणि चिरलेली भाजी आधी तयार हवी.

कणीक सकाळीच भिजवा. बारा मध्यम पोळ्यांना ३५० ग्रॅम पीठ आणि साधारण २१० ते २२० मिलिलिटर पाणी लागतं; चक्कीचं ताजं पीठ असेल तर अंदाज थोडा इकडे-तिकडे होतो. फ्रिजमध्ये ठेवायची कणीक नेहमीपेक्षा किंचित घट्ट हवी, कारण ठेवल्यावर ती सैल पडते. गोळा गुळगुळीत मळून वरून तेलाचा हात फिरवा आणि तो जेमतेम मावेल एवढ्या घट्ट झाकणाच्या डब्यात दाबून बसवा. डब्यात हवा राहिली की कणीक वरून काळपट पडते. चोवीस तासांच्या आत संपवा. सगळ्यांत जास्त चूक होते ती काढताना: गार कणीक लगेच लाटायला घेतली की पोळीच्या कडा चिरतात आणि पोळी फुगत नाही. वीस मिनिटं आधी बाहेर काढा, म्हणजे ज्याने कुकर लावला त्यानेच कणकेचा डबाही ओट्यावर आणून ठेवायचा. आणि हेही जमत नसेल तर पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणा. त्यात कसला कमीपणा? घरची भाजी आणि साडेआठची वेळ सांभाळली तर पुष्कळ झालं.

भाजी रविवारी आणि बुधवारी निवडून-चिरून ठेवा. फरसबी, गवार, घेवडा डब्यात तळाशी कोरडं फडकं घालून दोन दिवस छान राहतात. पालेभाजी निवडा पण धुऊ नका. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळली तर मेथी-पालक तीन-चार दिवस टिकतो, ओली ठेवली तर दुसऱ्या दिवशी चिकट होते. भेंडी धुऊन पुसून अगदी कोरडी झाल्याशिवाय चिरू नये. वांगी आणि बटाटा ऐन वेळीच, ते काळे पडतात. उसळीसाठी मूग रात्री भिजवले तर सकाळी बांधून संध्याकाळी मोड येतात. थंडीत आणखी एक रात्र धरा.

फ्रिजच्या दारावर आठवड्याचा बेत लावा, पण त्यात फक्त भाजीचं नाव लिहा: सोम मेथी, मंगळ मुगाची उसळ, बुध भेंडी. ‘आज काय करायचं?’ हा प्रश्न आठ वाजता, दमलेल्या माणसाला पडता कामा नये.

कामाची वाटणी

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. ही दरी तशीच ठेवून जेवण दीड तास आधी आणायचं म्हटलं तर तो दीड तास एकाच बाईच्या अंगावर पडतो आणि महिन्याभरात ती थकून सगळं सोडून देते. हा बेत फसण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे, आणि त्यात तिची काहीही चूक नसते.

म्हणून ‘मदत’ मागू नका, जबाबदारी द्या. ज्याच्याकडे कुकर त्याच्याकडे डाळ-तांदूळ संपत आले हे बघणं, वाण्याला सांगणं आणि रोज साडेसातला लावणं, हे सगळं. ज्याच्याकडे भाजी त्याच्याकडे मंडई, निवडणं आणि चिरणं. ‘मला सांगितलंच नाही’ हे वाक्य ऐकू आलं की समजा, काम वाटलं गेलं पण त्याची आठवण ठेवायचं ओझं जुन्याच डोक्यावर आहे. आठ वर्षांचं मूल सव्वाआठला पानं घेऊ शकतं: ताटं, वाट्या, पाणी, मीठ-लोणचं. ते रोज त्याचंच काम राहू द्या, बक्षीस म्हणून नको आणि शिक्षा म्हणूनही नको.

नवीन काम जुन्या कामाच्या पाठीला बांधा. ‘साडेसातच्या सुमारास कुकर’ विसरतो. ‘देवाजवळ दिवा लावला की कुकर’ विसरत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय आपसूक व्हायला साधारण ६६ दिवस लागले, पण माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत बदलला. एखादा दिवस चुकल्याने विशेष फरक पडला नाही. म्हणजे सासरचे पाहुणे आले, गणपतीचे दिवस आले, तर वेळ जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुकर साडेसातला.

पानावर बसल्यावर

फोनचे चार्जर जेवायच्या जागेपासून लांब, दुसऱ्या खोलीत लावा. ‘फोन नको’ असं रोज सांगण्यापेक्षा हे जास्त चालतं. मालिकेची वेळ आडवी येत असेल तर भांडू नका, मालिका नंतर ॲपवर बघता येते. आणि पानावर हिशेब काढू नका. मार्क, पैसे, कुणाचं काय चुकलं हे जेवताना निघालं की मुलं पाच मिनिटांत उठतात आणि पुढच्या दिवशी ‘भूक नाही’ म्हणतात. त्या गोष्टींसाठी रविवारची सकाळ ठेवा.

जेवून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत दहा-पंधरा मिनिटं शतपावली. सोसायटीच्या आवारात दोन-तीन चकरा पुरे. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून ही चाल जेवणानंतरच जास्त कामाची. जोडीने गेलात तर पानावर न निघालेलं बोलणं इथे निघतं.

परत आल्यावर वीस मिनिटांत ओटा आवरा, उद्याच्या डब्याची भाजी काढून ठेवा, कडधान्य भिजवा. डबा सकाळी वेळेवर झाला तर दुपारचं जड तेलकट खाणं टळतं आणि दुपारनंतरचे तास कामाला येतात.

निघायची वेळ

हे दुसरं टोकही धरावं लागतं. साडेसहाला निघायचं तर सव्वासहाला गजर लावा आणि त्या पंधरा मिनिटांत नवं काहीही उघडू नका. अर्धवट राहिलेलं काम कागदावर लिहा: कुठपर्यंत आलं, उद्या पहिल्यांदा काय करायचं, कुणाच्या उत्तराची वाट आहे. तीन ओळी पुरतात. डोक्यात घोळत ठेवलेलं काम लोकलमध्ये आणि ताटावरही येतं. लिहिलेलं टेबलावर राहतं. दुसऱ्या दिवशी सुरुवात कुठून करायची हे शोधण्यात वेळही जात नाही.

साहेबांना ‘मला लवकर जायचंय’ असं सांगू नका. ‘साडेसहानंतर मी प्रवासात असतो, नऊनंतर तातडीचं असेल तर फोन करा’ असं सांगा आणि नऊनंतर आलेला तातडीचा फोन खरंच घ्या. एवढा शब्द पाळला की बाकीचे मेसेज हळूहळू सकाळवर जातात.

ज्यांची शिफ्ट आहे त्यांनी रात्रीच्या जेवणामागे लागू नये. त्या घरात एकत्र जेवण म्हणजे सकाळची न्याहारी असू शकते, किंवा सुट्टीच्या दिवसाचं दुपारचं जेवण. वेळ कोणतीही असो, ती ठरलेली हवी.

एखाद्या दिवशी गाडी रखडली आणि घरी यायला साडेदहा झाले, तर पूर्ण जेवण वाढून घेऊ नका. ताकभात किंवा मुगाची पातळ खिचडी, तीही नेहमीच्या निम्मी. बाकीच्यांनी तोवर थांबू नये. साडेआठला जेवून घ्यावं आणि खिचडी झाकून ठेवावी.

सातव्या आठवड्यात पुन्हा तीन दिवस त्याच चार वेळा लिहा आणि जुना कागद शेजारी ठेवा. पहिला घास लवकर होऊ लागला पण दिवा मालवायची वेळ बाराचीच राहिली असेल, तर मोकळा झालेला वेळ मोबाइलकडे गेला आहे. चार्जर झोपायच्या खोलीतूनही बाहेर काढा. ओटा आवरायलाच पाऊण तास लागत असेल, तर भांडी कमी करा: वरणाची फोडणी कढईऐवजी पळीत, भाजी कढईतूनच पानात.