इतिहासाच्या तासाला नवी साधनं वापरताय? या चुका टाळा

इतिहास शिकवणाऱ्याला आता साधनांची ददात उरलेली नाही. जिल्ह्याचं गॅझेटियर, जुने नकाशे, अभिलेखागारातली कागदपत्रं, संग्रहालयांतल्या वस्तूंची छायाचित्रं असं सगळं मोबाइलवर उघडतं. दहावीला तर इतिहासलेखन, प्रसारमाध्यमं, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन हेच धडे आहेत. अस्सल साधन हातात दिल्याशिवाय ते मुलांपर्यंत पोहोचणं अवघड. तरी पुष्कळ वर्गांत होतं असं की प्रोजेक्टर लागतो, चाळीस चित्रं भराभर सरकतात, मुलं खूश होतात आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर कुणालाच काही सांगता येत नाही. एका तासाला एकच साधन पुरतं. ते कुठलं आणि कसं वापरायचं, यातच बहुतेक चुका होतात.

साधनाचा ठावठिकाणा न विचारणं

सगळ्यात मोठी चूक ही. शिक्षकांच्या ग्रुपवर एक मजकूर वारंवार फिरतो: आरमारासाठी लाकूड तोडताना आंबा, फणस यांना हात लावू नका, रयतेनं ती झाडं लेकरांसारखी वाढवली आहेत. खाली लिहिलेलं असतं, ‘शिवाजी महाराजांचं आज्ञापत्र’. मजकूर अस्सल आहे, पण तो रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तला. हा ग्रंथ १७१५च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या (शिवाजी महाराजांच्या नातवाच्या) काळात लिहिला गेला. म्हणजे महाराजांच्या निधनानंतर पस्तीस वर्षांनी.

म्हणून हा उतारा बाजूला ठेवायचा का? मुळीच नाही. उलट इथूनच तास रंगतो. अमात्यांनी महाराजांच्या हाताखाली काम केलेलं होतं. मग त्यांनी लिहिलेलं धोरण महाराजांचं मानावं का? कितपत? पुढचा मजकूरही वाचून दाखवा. एखादं जीर्ण झाड तोडावंच लागलं, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं तोडावं असं त्यात आहे. फिरणाऱ्या मजकुरात हा भाग बऱ्याचदा गाळलेला असतो. मूळ उतारा आणि फॉरवर्ड झालेला मजकूर शेजारी शेजारी ठेवले की काय गळलं आणि काय चिकटलं, हे मुलं स्वतः शोधतात.

खुद्द महाराजांच्या काळातलं पत्र हवं असेल, तर चिपळूणजवळच्या तळावरच्या लष्कराला लिहिलेलं घ्या. पावसाळ्याआधीच दाणावैरण संपवू नका, रयतेला उपद्रव देऊ नका आणि रात्री दिवा जळता ठेवून झोपू नका, नाहीतर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजींना आग लागेल, इतक्या बारकाईनं ते लिहिलेलं आहे. हे पत्र वाचल्यावर ‘रयतेचा राजा’ हे शब्द मुलांना पाठ करावे लागत नाहीत.

मोडी कागद तसाच भिंतीवर टाकणं

मुलं दोन मिनिटं कुतूहलानं बघतात, मग चुळबुळ सुरू होते. सोबत बाळबोध (देवनागरी) लिप्यंतर आणि अवघड शब्दांचे अर्थ हवेतच. मोडीतल्या दोन ओळी वाचायला दिल्या तरी खूप झालं.

शकात डोळे झाकून ७८ मिळवणं

शकावरून इसवी सन काढायला ७८ मिळवतात. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. त्यात ७८ मिळवले की १६७४ येतं, बरोबर. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. इथेही ७८ मिळवले की १६२९ येतं आणि वर्गात एखादी चुणचुणीत मुलगी हात वर करते, ‘सर, पुस्तकात १६३० आहे.’ पुस्तक बरोबर आहे. शक पाडव्याला बदलतो, त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवायचे.

आणखी एक खाच आहे. इंग्रजांनी १७५२पर्यंत जुनी (ज्युलियन) कालगणना वापरली, पोर्तुगिजांनी १५८२मध्येच नवी (ग्रेगोरियन) स्वीकारली. त्यामुळे सतराव्या शतकातली एकच घटना सुरतेच्या इंग्रज पत्रात एका तारखेला आणि गोव्याच्या पोर्तुगीज पत्रात दहा दिवसांनी पुढच्या तारखेला दिसू शकते. असा दहा दिवसांचा फरक दिसला, तर साधन खोटं ठरवण्याआधी कालगणना तपासा.

आजच्या महाराष्ट्राच्या नकाशावर सगळा भूतकाळ बसवणं

१५ ऑगस्ट १९४७ला औरंगाबाद निजामाच्या राज्यात होतं, नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडात होतं, कोल्हापूर संस्थान होतं आणि गोवा तर १९६१पर्यंत पोर्तुगिजांकडे होता. आजच्या सीमांचा नकाशा लावून ‘आपल्या राज्यातला स्वातंत्र्यलढा’ शिकवला, तर मराठवाड्यानं १७ सप्टेंबर १९४८पर्यंत वाट का पाहिली, हे मुलांना कळत नाही. त्या त्या काळाचा नकाशा लावा.

छायाचित्राला साक्षीदार मानणं

लखनौच्या सिकंदर बागेचं, छायाचित्रकार फेलिचे बिआतोनं काढलेलं छायाचित्र प्रसिद्ध आहे. पडझड झालेली इमारत, अंगणात पसरलेली हाडं. लढाई झाली नोव्हेंबर १८५७मध्ये, छायाचित्र १८५८चं. हाडं चित्रासाठी मांडली होती, असं अभ्यासक मानतात. या तारखा आधी सांगू नका. मुलांना आधी नुसतं चित्र पाहू द्या, काय दिसतं ते लिहू द्या, आणि मगच तारखा फळ्यावर लिहा.

एआयनं बनवलेल्या चित्रांबाबत माझं मत स्पष्ट आहे: ती साधन म्हणून लावूच नयेत. वापरायचीच असतील तर चुका शोधायला द्या. यादवकाळातल्या बाजारात लाल मिरच्यांचा ढीग दिसला, तर मिरची अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर इकडे आली, हे मुलांनी ओळखायला हवं.

मुलाखतीला मुलांना मोकळंच पाठवणं

नववीला १९६०नंतरचा भारत आहे आणि त्याची साधनं मुलांच्या घरातच बसलेली असतात. पण ‘आजी, तुला १९७२चा दुष्काळ आठवतो का?’ या प्रश्नाला ‘हो, लई वाईट दिवस’ एवढंच उत्तर येतं आणि वही मिटते. प्रश्न वर्गातच तयार करून घ्या. त्या वर्षी भाकरी कशाची होती? पाणी कुठून आणायचात? खडी फोडायला कोण जायचं, मजुरी कशात मिळायची? मग मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी निघते, सुकडी (वाटपात मिळणारा पौष्टिक खाऊ) निघते, घरातली विकलेली जनावरं निघतात.

आठवणीत वर्षं सरमिसळ होतात, त्यासाठी दोन-तीन घरांच्या मुलाखती ताडून पाहायला लावा. मुलाखत रेकॉर्ड करण्याआधी आजी-आजोबांना विचारायचं, नको म्हणाले तर फक्त टिपणं घ्यायची. आणि मुलांनी आजीचे शब्द आजीच्याच बोलीत उतरवले, तर ते शुद्ध करायला लाल पेन काढू नका.