दिवा लागला, पण चाकं ओढत नाहीत: जुन्या फोर-व्हील ट्रकचा पुढचा ॲक्सल कसा तपासावा

जुन्या ट्रकचं फोर-व्हील, म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद देणारी यंत्रणा, बिघडलंय हे बहुधा चिखलात रुतल्यावरच कळतं. लिव्हर ओढलेला, डॅशबोर्डवर दिवा लागलेला, मागचं एक चाक गरगरून खड्डा खोल करतंय आणि पुढची दोन्ही ढिम्म.

त्या दिव्यावर फार विसंबू नका. पुष्कळ ट्रकमध्ये तो ट्रान्सफर केसवरच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) एका स्विचला जोडलेला असतो. आतला दांडा सरकला, एवढंच तो सांगतो. त्याच्यापुढे ॲक्सलपर्यंत जाणारा लांब प्रॉपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस (टोकांचे वाकणारे सांधे), ताकद दोन चाकांत वाटणारं डिफरेन्शियल, तिथून चाकांकडे जाणारे दोन हाफ शाफ्ट आणि त्यांना चाकांशी जोडणारी दोन हब एवढा रस्ता उरतो. यात ताकद नेमकी कुठे अडते ते काहीही न खोलता शोधता येतं. एक जॅक, दोन भक्कम स्टँड आणि मदतीला एक माणूस एवढं पुरे.

त्याआधी टायर बघा. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरत्या लावायच्या फोर-व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जखडलेले असतात, मध्ये डिफरेन्शियल नसतं. पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले असतील, तर दोन्हीकडचा घेर जुळत नाही. मग कोरड्या डांबरी रस्त्यावर सगळी यंत्रणा पिळली जाते आणि लिव्हर परत टू-व्हीलमध्ये यायचं नाव घेत नाही. मी एकदा या तक्रारीपायी लिव्हरची सगळी जोडणी खोलून ठेवली होती. शेवटी चारही टायरना मोजायची टेप गुंडाळली तेव्हा उलगडा झाला. पीळ बसलाच असेल तर ट्रक सरळ रेषेत थोडा मागे घ्या, बहुतेक वेळा लिव्हर सुटतो.

आता मुख्य तपासणी. मोकळ्या मातीच्या जागेवर फोर-व्हील टाका, हाताने फिरवायची हब असतील तर दोन्ही लॉक करा आणि काही मीटर सरळ पुढे चालवून थांबा. आपोआप लागणारी हब थोडं मागे गेलं तरी सुटतात, म्हणून रिव्हर्स घेऊ नका. गाडी कायम फोर-व्हीलवर चालणारी असेल तर मधलं डिफरेन्शियल लॉक करा. इंजिन बंद, हँडब्रेक वर, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळ्यांची उटी. मग पुढचा ॲक्सल उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. पुढची चाकं हवेत असताना इंजिनही सुरू करू नका. गिअर राहिला असेल तर मागची चाकं ट्रकला स्टँडवरून खाली ढकलतील.

आधी पुढचा प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवून बघा. मागची चाकं जमिनीवर आहेत, त्यामुळे तो जागचा हलता कामा नये. दातांमधला थोडासा खेळ चालतो. पूर्ण गोल फिरला, तर ट्रान्सफर केस लागतच नाहीये. मग लिव्हरची जोडणी, आतला फोर्क किंवा चेन आणि विजेवर चालणारी असेल तर तिची मोटर तपासा. पुढचं काही खोलायची गरज नाही.

शाफ्ट घट्ट असेल तर एक चाक हाताने फिरवा. साध्या डिफरेन्शियलमध्ये दुसऱ्या बाजूचं चाक उलट्या दिशेने फिरायला हवं. तसं फिरलं, तर ट्रान्सफर केसपासून दोन्ही हबपर्यंत जोडणी शाबूत आहे. नाही फिरलं, तर मदतनिसाला हाफ शाफ्टकडे बघायला सांगा. डावं चाक फिरवल्यावर उजवा हाफ शाफ्ट उलटा फिरतोय पण चाक जागेवरच आहे, म्हणजे उजवं हब लागलेलं नाही. डावा हाफ शाफ्टच हलत नसेल, तर डावं हब. शाफ्ट आत झाकलेले असतील तर दोन्ही चाकं आळीपाळीने फिरवून पाहा. काही ट्रकमध्ये एक हाफ शाफ्ट मधोमध जोडायची-सोडायची सोय असते; तिथेही हीच लक्षणं दिसतात.

हब किंवा ही मधली जोडणी व्हॅक्यूमवर चालत असेल तर आधी रबरी नळ्या बघा. जुन्या नळ्या टोकाशी चिरतात, आणि इतक्या साध्या कारणासाठी लोक अख्खं हब बदलतात. हातपंपाने व्हॅक्यूम देऊन काटा टिकतो का ते पाहा. काटा खाली आला, तर गळती त्याच भागात.

ट्रक उचललेलाच आहे तर चाकांचा प्लेही, म्हणजे ढिलेपणा, बघून घ्या. चाक वर-खाली धरून हलवा. खडखड झाली तर बेअरिंग किंवा चाक ज्यावर वळतं ती किंगपिन, काही ॲक्सलवर तिच्या जागी बॉल जॉइंट. आता मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. प्ले गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवताना प्ले लागला, तर टायरॉडची (स्टिअरिंगने चाकं वळवणारा दांडा) टोकं बघा.

आवाज ऐकायला ट्रक रस्त्यावर न्यावा लागतो. वळणावर कमी-जास्त होणारी घरघर बहुधा बेअरिंगची. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना टकटक आली तर चाकाजवळचा जॉइंट. हळू वेगात तालात चूं-चूं, किंवा गिअर टाकताना खट्ट, म्हणजे कोरडा पडलेला क्रॉस. फोर-व्हीलमध्ये जोर दिल्यावर कडकड असे धक्के बसत असतील, तर ताणलेली चेन दात सोडतेय किंवा हब निसटतंय. हे अंगावर काढू नका.

शेवटी तेल. डिफरेन्शियलचा भरायचा नट आधी सोडवा, खालचा नंतर. वरचा गंजून बसला असेल तर तेल काढून ट्रक तसाच लटकत राहतो. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. नटाच्या चुंबकावर बारीक करडा लगदा झिजेमुळे येतोच, पण तुकडे सापडले तर डिफरेन्शियल उघडावंच लागेल. सील वारंवार गळत असेल तर नवं बसवण्याआधी ॲक्सलची हवेची नळी मोकळी आहे का बघा. ती बुजली की आतला दाब तेलाला सीलमधूनच बाहेर काढतो. चाकाजवळचा वळणारा सांधा बंद गोळ्यात असलेल्या जुन्या ॲक्सलवर गोळ्यातून पातळ, तेलकट ग्रीस ओघळत असेल, तर आतलं सील गेलंय आणि डिफरेन्शियलचं तेल गोळ्यात उतरतंय. बाहेरचं सील बदलून हे थांबत नाही, हाफ शाफ्ट काढावाच लागतो.