पिकअपला ऑइल कॅच कॅन बसवायचाय? मग बसवण्यापेक्षा सांभाळायचं आधी समजून घ्या

माझी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप 2018 ची, बीएस4, 2499 सीसी डिझेल. गाव निफाड तालुक्यात, त्यामुळे गाडी जास्त करून बाग ते घर ते बाजार अशी फिरते आणि हंगामात अधूनमधून माल घेऊन कसारा घाट उतरून मुंबईला जाते. 70 हजार किमीच्या आसपास एकदा टर्बोकडून इंटरकूलरला (टर्बोने दाबलेली गरम हवा गार करणारी जाळी) जाणारा पाईप काढला आणि आत बोट फिरवलं तर बोट काळंकुट्ट, पाईपच्या खालच्या वाकणात चांगलं दोन चमचे ऑइल साठलेलं. मला वाटलं टर्बो गेला. मिस्त्रीने शाफ्ट हलवून बघितला, म्हणाला टर्बो ठणठणीत आहे, हे सगळं ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर काढणाऱ्या नळीतून, आलेलं ऑइल आहे. तिथून मी हे ऑइल वाटेतच धरणाऱ्या डब्याच्या, म्हणजे कॅच कॅनच्या मागे लागलो.

आधी हे ऑइल येतं कुठून ते बघू. रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेला थोडा गॅस पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच, त्याला ब्लो-बाय म्हणतात. तो बाहेर काढायला टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) एक ब्रीदर पाईप निघतो आणि एअर फिल्टर ते टर्बो यांच्या मधल्या पाईपला जोडलेला असतो, म्हणजे तो गॅस इंजिन परत ओढून जाळतं. पण गॅसबरोबर ऑइलची वाफही जाते, टर्बोतून इंटरकूलर, तिथून इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरला हवा वाटणारा पाईप), आणि तिथे ईजीआरमधून (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) आलेली काजळी भेटली की दोघांचं मिळून डांबरासारखं चिकट काहीतरी तयार होतं. कॅन या ब्रीदरच्या वाटेत मध्ये बसतो, गॅस आतल्या जाळीवर आपटतो, ऑइलचे थेंब खाली राहतात आणि गॅस पुढे जातो. एवढंच त्याचं काम. काजळी तो थांबवत नाही, त्यामुळे कॅन लावला म्हणजे मॅनिफोल्ड कधीच साफ करावा लागणार नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

कॅन घ्यायच्या आधी एक तपासणी कराच. गाडी गरम करा, आयडलवर ठेवा, ऑइल टाकायचं झाकण सैल करून तसंच तोंडावर ठेवा. थोडं थरथरलं, हलकी फुंकर जाणवली तर ठीक. झाकण उडायला लागलं, भकाभक धूर यायला लागला तर रिंगा-लायनरचं काम आहे, तिथे कॅनवर पैसे घालू नका, आधी कम्प्रेशन चेक करा. आणि गाडी बीएस6 असेल, वॉरंटीत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की हात लावू नका. त्यात बऱ्याच इंजिनांना कंपनीचाच ऑइल सेपरेटर असतो, आणि पुढे काही झालं तर वॉरंटीचा वाद आपल्याच गळ्यात.

कॅन निवडताना तीन गोष्टी बघा. आत खरोखर जाळी किंवा फिल्टर आणि आडवा पडदा पाहिजे, नुसता रिकामा डबा असेल तर गॅस या तोंडातून त्या तोंडात सरळ निघून जातो. स्वस्तातल्या काही कॅनमध्ये भांडी घासायच्या तारेसारखा गुंडा कोंबलेला असतो, तो अजिबात नको, त्याची तार सुटली तर पुढे पहिला टर्बोच आहे. दुसरं, तोंडाचं माप. ब्रीदरची नळी व्हर्नियरने मोजा आणि कॅनचं तोंड त्यापेक्षा बारीक घेऊ नका, पिकअपच्या डिझेलला 19 मिमी किंवा 25 मिमीवाले कॅन मिळतात, स्कूटरला शोभेल असला 10 मिमीवाला लावलात तर चेंबरमध्ये प्रेशर साठतं आणि ऑइल सीलमधून बाहेर यायला लागतं. तिसरं, खाली ड्रेन व्हॉल्व्ह पाहिजेच. दर वेळी अख्खा कॅन उघडायचा असेल तर आपण कंटाळतो आणि मग तो भरतो. बजेट असेल तर मान हमेलचा प्रोव्हेंट 200 चांगला आहे, त्यात बदलायचा फिल्टर आहे आणि तो चोक झाला तर प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह पण आहे.

जागा शोधताना टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब बघा, कॅन जितका गार तितकी वाफ जास्त धरतो. मी बॅटरीच्या बाजूला फेंडरच्या आतल्या पत्र्यावर ब्रॅकेट मारला. कॅन उभाच पाहिजे, ड्रेनखाली बाटली धरायला हात जाईल एवढी जागा पाहिजे, आणि बोल्ट कसण्याआधी बोनेट हळू खाली आणून बघा टेकतोय का. इंजिनाच्या अंगावर बसवू नका, इंजिन हलतं आणि ब्रॅकेट तुटतो. टॅपेट कव्हरवरून येणारा होज कॅनच्या इनलेटला, कॅनचा आउटलेट परत टर्बोच्या आधीच्या पाईपला, जिथे मूळ ब्रीदर होता तिथेच. उलटं जोडलं तर बऱ्याच कॅनचा उपयोगच होत नाही, म्हणून बाण किंवा इन-आउट बघून घ्या. होजला मध्ये झोळ पडू देऊ नका, झोळात ऑइल-पाणी साठून वाट बंद होते. मूळ ब्रीदर पाईप कापायचा नाही, काढून पिशवीत घालून जपून ठेवायचा.

काही गॅरेजवाले सांगतात कॅन-बिन सोडा, ब्रीदर काढून खाली रस्त्याकडे सोडून देऊ. हे करू नका. सगळा विषारी गॅस हवेत जातो, आणि तुमच्या केबिनमध्येही वास येतो.

आता होज. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझी गाडी इथेच अडकली होती. पहिल्यांदा एका गॅरेजमध्ये बसवून घेतला तेव्हा त्यांनी कूलंटचा हीटर होज लावला, दिसायला जाड, काळा, मजबूत. पण तो रबर पाण्याला चालतो, ऑइलला नाही. तीन महिन्यांत आतून फुगला, मऊ पडला, आणि मुंबईहून येताना कसाऱ्याच्या चढाला टर्बोच्या ओढीने आउटलेटचा होज पार चपटा झाला. ब्रीदरला वाटच उरली नाही, डिपस्टिक आपोआप वर आली आणि बोनेटखाली सगळीकडे ऑइल उडालं. नशीब वास आला म्हणून लगेच बाजूला घेतली. तेव्हापासून होज घेताना दुकानदाराला सरळ विचारतो, ऑइलला चालणारा नायट्राइल आहे का, आणि आत वीण असलेलाच घेतो. हाताने दाबून बघा, चटकन चपटा होत असेल तर परत द्या. क्लिपा नव्या वापरा, आणि पहिल्या 200-300 किमीनंतर थंड इंजिनावर परत एकदा कसा, कारण गरम-गार होऊन त्या सैल पडतात. आउटलेटची क्लिप सैल राहिली तर तिथून न गाळलेली धूळ थेट टर्बोत, आणि आमच्याकडच्या बागेच्या रस्त्याला किती धूळ असते ते सांगायला नको.

बसवून झालं की गाडी चालू करून परत झाकणाची तपासणी करा, आधीपेक्षा जास्त फुंकर येत असेल तर कुठेतरी वाट अडली आहे, तशी गाडी रस्त्यावर काढू नका.

सांभाळायचं असं. पहिल्यांदा 500 किमीला उघडा, मग दर 1,000 किमीला, आणि किती साठतं याचा अंदाज आला की पुढचं अंतर ठरवा. गाडी बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा, कोमट असताना ऑइल नीट उतरतं आणि हात भाजत नाही. मी पारदर्शक बाटलीवर मापाच्या रेघा मारून घेतल्या आहेत, डायरीत तारीख, किमी आणि किती मिली ते लिहितो. माझी उन्हाळ्यात 1,000 किमीला 15-20 मिली देते. थंडीत आकडा वाढतो, आमच्या निफाडची थंडी तुम्हाला माहितीच आहे, आणि त्यात जवळच्या फेऱ्या, इंजिन नीट तापतच नाही, मग बाटलीत दुधाच्या चहासारखं पिवळट घट्ट येतं, थोडा वेळ ठेवलं की खाली पाणी वेगळं दिसतं. कॅनमध्ये असं आलं तर घाबरू नका, ती गारठलेली वाफ आहे. पण डिपस्टिकवर पण तसंच दुधाळ दिसलं किंवा कूलंट कमी होत असेल तर गाडी चालवू नका, हेड गॅस्केट बघून घ्या. थंडीत आणि पावसाळ्यात मी 700-800 किमीलाच रिकामा करतो.

कॅन गळ्यापर्यंत भरू देणं सगळ्यात धोक्याचं. चढावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर साठलेलं ऑइल एकदम आउटलेटमधून इंजिनात ओढलं जातं, आणि डिझेल इंजिन ऑइलवरही चालतं, चावी बंद केली तरी आरपीएम चढतच राहतो. तसं झालंच तर मॅन्युअल गाडीत सगळ्यात वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबून धरा आणि क्लच सोडून गाडी बंद पाडा.

दर सहा महिन्यांनी जाळी काढून डिझेलमध्ये धुवा, हवा मारून पूर्ण सुकवा, डिझेलचा थेंबही आत राहू देऊ नका. ओ-रिंगला बोटाने थोडं ऑइल लावून बसवा, कडक झाली असेल तर बदला. फिल्टरवाला कॅन असेल तर तो धुवायचा नसतो, नवाच टाकायचा. कॅनमधलं ऑइल परत इंजिनात ओतू नका, त्यात पाणी, इंधन, आम्ल सगळं असतं. बांधावर किंवा गटारातही नको, मी वेगळ्या डब्यात साठवतो आणि सर्व्हिसिंगला जाताना गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये टाकतो.

आणि डायरी सोडू नका. त्याच ऋतूत, तशाच वापरात आकडा अचानक दुप्पट झाला, तर कॅन बदलू नका, रिंगा आणि टर्बो तपासा.