बर्फ ते वाफ: तापमानाचा आलेख नीट कसा काढावा

बर्फाचा चुरा करून बीकरमध्ये भरा. त्यात तो जेमतेम भिजेल इतकं बर्फगार पाणी ओता. तापमापी उणे १० ते ११० अंशांची घ्या. ताप मोजायची चालत नाही, उकळत्या पाण्यात ती फुटते.

आता बर्फ वितळण्याचा टप्पा. सगळी गोची इथेच आहे, आणि मलाही हाच जमायला सर्वांत जास्त वेळ लागला. “बीकर गॅसवर ठेवा आणि आकडे लिहा” हा सल्ला साफ चुकीचा आहे. तसं केलंत तर वर बर्फ तरंगत असताना तळाचं पाणी खुशाल तापत राहतं. शिवाय ४ अंशांचं पाणी सर्वांत जड, त्यामुळे ते तळाशीच बसतं. तापमापीचा फुगा तिथे टेकला की ४, ५, ७ असे आकडे येतात आणि मुलं ‘बर्फ ७ अंशांना वितळतो’ असं वहीत लिहून मोकळी होतात!

म्हणून आच अगदी मंद ठेवा. फुगा चुऱ्याच्या मधोमध धरा, तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. काचेच्या कांडीने सतत ढवळा. तापमापीने मुळीच नाही. दर अर्ध्या मिनिटाला नोंद करा. काटेकोर ढवळलंत तर बर्फ जवळजवळ संपेपर्यंत पारा शून्याला चिकटून राहतो, म्हणजे आलेखात आडवी रेघ येते. तापमापी बिघडली असं समजून ती बदलू नका, हेच तर बघायचं आहे. आत जाणारी उष्णता कणांची जखडण सोडवण्यात खर्च होते. एक ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ३३४ ज्यूल लागतात. तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. तापमान न वाढवता मुरणाऱ्या या अप्रकट उष्म्याचा छडा स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या सुमारास लावला.

पुढे पाणी तापवणं सोपं. आच मात्र तीच ठेवा, नाहीतर आलेखाचा उतार बदलतो.

उकळी आली की पारा पुन्हा थांबेल. तो ९८वर थांबला तर ९८च लिहा, ओढूनताणून १०० करू नका. उंचीवर हवेचा दाब कमी असतो. दर ३०० मीटरला उत्कलनांक, म्हणजे पाणी उकळण्याचं तापमान, साधारण एक अंशाने उतरतो.

एका ग्रॅमची वाफ व्हायला सुमारे २२६० ज्यूल लागतात, म्हणून ही दुसरी आडवी रेघ कितीतरी लांबते. ती पूर्ण काढायच्या नादात बीकर कोरडा पाडू नका. दहा-बारा नोंदी झाल्या की गॅस बंद करा.