डब्लिन-केरीच्या वर्चस्वावरचा लेख वाचताना काय काय तपासावं

उन्हाळा तोंडावर आला की आयर्लंडच्या वर्तमानपत्रांत एक लेख हमखास येतो: गेलिक फुटबॉल (हातापायांनी खेळायचा इथला देशी फुटबॉल) एकतर्फी झालंय, दोन-तीन काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) सोडल्या तर बाकीच्यांनी खेळायचं कशाला? टीव्हीवर माजी खेळाडू हेच बोलतात, क्लबच्या मैदानाच्या कडेला उभे असलेले पालकही हेच. मी मीथ काउंटीत, नवनला राहते. मुलगी इथल्या क्लबात खेळते, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा. इथे नव्याने आलेल्या आपल्या मंडळींना मी सांगत असते, तो लेख टाकूनही देऊ नका आणि जसाच्या तसा गिळूही नका. वही-पेन घ्या आणि तपासा.

आधी स्कोअर वाचता आला पाहिजे. 3-21 म्हणजे तीन गोल (चेंडू जाळ्यात) आणि एकवीस पॉइंट (चेंडू आडव्या दांड्यावरून). एका गोलाचे तीन पॉइंट, म्हणजे एकूण 30. 2025 पासून गोलपासून चाळीस मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून मारलेल्या किकला दोन पॉइंट मिळतात, पण तेही त्या दुसऱ्या आकड्यातच धरलेले असतात, वेगळे मिळवायचे नाहीत. आता कोण जिंकलं ते बाजूला ठेवा आणि नुसता फरक काढा. 2020 ची लेन्स्टर प्रांताची फायनल घ्या: डब्लिन 3-21, मीथ 0-9. म्हणजे 30 विरुद्ध 9. एकवीस पॉइंटांनी हार, तीही फायनलमध्ये! आणि याच डब्लिनने ऑल-आयर्लंड, म्हणजे देशपातळीवरच्या, फायनलमध्ये मेयो काउंटीला 2013, 2017 आणि 2016 च्या रीप्लेमध्ये (बरोबरीनंतर पुन्हा खेळलेल्या सामन्यात) हरवलं ते प्रत्येक वेळी जेमतेम एका पॉइंटाने. चषक सगळीकडे डब्लिनचाच, पण मेयोशी चुरस झाली, मीथशी झालीच नाही. लेखात फक्त चषक मोजले असतील, तर दुखणं नेमकं कुठे आहे ते लिहिणाऱ्याला सापडलेलं नाही.

म्हणून प्रांत आणि देश ही दोन पानं वेगळी ठेवा. डब्लिनने 2011 ते 2024 सलग चौदा वेळा लेन्स्टर जिंकलं. ऑल-आयर्लंड मात्र 2015 ते 2020 सलग सहा वेळा जिंकून 2021 च्या सेमीफायनलमध्ये मेयोकडून ते बाहेर पडले. पुढे टिरोन, केरी, डब्लिन, आर्मा आणि 2025 ला पुन्हा केरी, असा चषक फिरत राहिला. वरच्या पातळीवर चुरस आहेच. ती नाही ती खाली, प्रांतांत. आणि हे डब्लिनपासून सुरू झालेलं नाही. मन्स्टर या दुसऱ्या प्रांताचं पान उघडा: 1936 ते 2019 या सगळ्या काळात विजेतेपद केरी नाहीतर कॉर्क, अपवाद फक्त 1992 च्या क्लेअरचा. 2020 मध्ये टिपरेरीने ती साखळी तोडली. इतक्या वर्षांच्या मक्तेदारीला ‘परंपरा’ म्हणायचं आणि डब्लिनच्या चौदा वर्षांना ‘संकट’, हे मला पटत नाही. लेखात मन्स्टरचा उल्लेख आहे का, हे मी पहिल्यांदा बघते.

कारणं वाचताना लोकसंख्या आणि पैसा यांची सरमिसळ होऊ देऊ नका. 2022 च्या जनगणनेत डब्लिन साधारण साडेचौदा लाखांचं, लीट्रिम पस्तीस हजारांचं. तफावत प्रचंड आहे, मान्य. पण डब्लिन पूर्वीही मोठंच होतं, तरी 1995 नंतर ऑल-आयर्लंड जिंकायला त्यांना 2011 उजाडलं. आणि केरीत जेमतेम दीड लाख माणसं, तरी त्यांच्या नावावर 39 विजेतेपदं. मग या शतकात बदललं काय? हा खेळ चालवणाऱ्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनच्या मध्यवर्ती निधीतून डब्लिनला प्रशिक्षणासाठी वर्षाला दहा लाख युरोंहून जास्त मिळू लागले, बाकी काउंटींना तेव्हा त्याच्या जवळपासही मिळत नव्हते. खेळ हौशी आहे, खेळाडूंना पगार नाही; हा पैसा क्लबांत आणि शाळांत मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांवर जातो. म्हणजे आज दिलेला युरो मैदानात दिसायला दहा-बारा वर्षं लागतात. शिवाय इथे खेळाडू विकत घेता येत नाहीत, साधारणपणे ज्याने त्याने आपल्याच काउंटीकडून खेळायचं. मागे पडलेल्या काउंटीला झटपट सावरायचा मार्गच नाही. हे दोन धागे ज्या लेखात नाहीत, तो नुसता संताप.

बोलणारा कुठला, हेही लिहून ठेवा. 2003 च्या सेमीफायनलमध्ये टिरोनने केरीला दाबून टाकलं, तेव्हा आरटीई या आयर्लंडच्या सार्वजनिक वाहिनीवर पॅट स्पिलेन या माजी खेळाडूने त्या खेळाला ओकारी आणणारं फुटबॉल म्हटलं. स्पिलेन केरीचा, खात्यावर आठ ऑल-आयर्लंड पदकं. त्याला खेळ कळत नाही असं कोण म्हणेल? पण हरलेली काउंटी त्याची स्वतःची होती, हे शेजारी लिहिलेलं असलं की वाक्याचं वजन नीट कळतं.

‘आता सगळं सुरळीत झालं’ म्हणणाऱ्या लेखालाही हीच फूटपट्टी लावा. 2025 मध्ये आमच्या मीथने डब्लिनला लेन्स्टरच्या सेमीफायनलमध्ये हरवलं. नवनमध्ये त्या दिवशी लोकांचे पाय जमिनीवर नव्हते. फायनलला लाउथने आम्हाला हरवून 1957 नंतर पहिल्यांदा प्रांत जिंकला. (2010 च्या फायनलमध्ये मीथचा जो गोल द्यायलाच नको होता त्यावर लाउथ हरलं होतं, तेव्हा त्यांचा आनंद मला मनापासून समजतो.) पण एका सुंदर वर्षावरून निष्कर्ष काढू नका. पहिल्या फेरीचे सामने घ्या, फरक मांडा, दहापेक्षा जास्त पॉइंटांचे किती ते मोजा. दरवर्षी हेच करा.

शेवटी माध्यमांनाच मोजा. दुबळ्या काउंटींसाठी 2022 पासून टेल्टन कप आहे. वेस्टमीथ, मीथ, डाउन, किल्डेअर यांनी तो जिंकलाय. रविवारी रात्री हायलाइट्स लागले की मोबाइलवर घड्याळ लावा आणि त्या सामन्यांना किती मिनिटं मिळाली ते टिपा. महिनाभराचे आकडे जमले की संपादकांना पत्र लिहा. पत्र लहान ठेवा: तारखा, मिनिटं, आणि लीट्रिमच्या पोरांना पुढच्या रविवारी किती मिनिटं देणार, हा थेट प्रश्न.