समुद्राकाठच्या घरातल्या डासांच्या जाळ्या कशा धुवाव्यात आणि कशा टिकवाव्यात

रत्नागिरीजवळ, समुद्रापासून दोनेकशे पावलांवर आमचं घर आहे. अकरा खिडक्या, आणि अकराही खिडक्यांना ॲल्युमिनियमच्या चौकटीतल्या डासांच्या जाळ्या. गेली सतरा वर्षं त्या मीच उतरवते, धुते आणि परत लावते. "ब्रश मारा, साबणाचं पाणी फिरवा, झालं" हा सल्ला पुण्या-नागपूरच्या घरांना ठीक आहे, कारण तिथे जाळीवर धूळ बसते. किनाऱ्यावर बसतं ते मीठ. धूळ डोळ्याला दिसते म्हणून ती काढली जाते. मीठ दिसत नाही म्हणून राहून जातं, आणि चौकट खातं ते हे राहिलेलं मीठच.

पावसाळ्यात बरणीतलं खडेमीठ पाझरतं हे घरोघरी माहीत आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर याहून कोरड्या हवेतही ओल धरतात. म्हणजे खाऱ्या वाऱ्याने जाळीवर आणून ठेवलेला थर कोकणात फारसा कधी कोरडा होतच नाही. धातूवर खारट पाण्याचा पातळ पापुद्रा बहुतेक वेळ बसलेला असतो.

यातली एक गोष्ट ध्यानात यायला मला बरीच वर्षं लागली. सगळ्यात आधी खराब होते ती पागोळीच्या आतली, पडवीतली जाळी. थेट पावसात भिजणारी समुद्राकडची जाळी जास्त टिकते, कारण जून ते सप्टेंबर पाऊसच तिला धुऊन काढतो. पडवीतल्या जाळीवर वारा मीठ आणून टाकतो आणि पाऊस तिथवर पोचत नाही. त्यामुळे "ही आतली आहे, हिला काय होणार" असं म्हणून जी जाळी तुम्ही सोडता, तीच आधी उतरवा.

जाळी उतरवा. सरकत्या खिडकीची असेल तर वर उचलून खालची बाजू आतल्या अंगाला घ्या, निघते. कुठली जाळी कुठल्या खिडकीची ते चौकटीच्या वरच्या कडेला पेन्सिलीने लिहा.

पाणी कुठलं घेता याला महत्त्व आहे. समुद्राकाठच्या विहिरी आणि बोअरिंग एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्याने जाळी धुणं म्हणजे एक मीठ काढून दुसरं लावणं. पहिली धुवण मचूळ पाण्याची चालेल, शेवटची मात्र गोड्याच पाण्याची हवी. मी पावसाळ्यात पन्हळीखाली पिंप भरून ठेवते आणि दसऱ्याच्या आसपास जाळ्या उतरवते तेव्हा तेच पाणी वापरते. पिंपाला झाकण घट्ट हवं, आणि त्यावर कापड बांधलेलं हवं, नाहीतर ज्या डासांसाठी जाळ्या लावल्या ते पिंपात वाढतात. शंका असेल तर शेवटच्या धुवणीचे चार थेंब कडाप्प्यावर टाका, शेजारी तुमच्या गोड्या पाण्याचे चार थेंब टाका, आणि दोन्ही उन्हात वाळू द्या. धुवणीच्या थेंबाखाली जास्त पांढरी कडी उमटली तर जाळीत अजून मीठ आहे, आणखी एकदा धुवा.

आधी नुसतं पाणी ओता, मगच ब्रश. कोरड्या जाळीवर ब्रश फिरवला तर मिठाचे कण आणि वाळू मिळून पॉलिश पेपरचं काम करतात आणि चौकटीवरचा रंगाचा थर, म्हणजे पावडर कोटिंग, घासलं जातं. जाळी सपाट जागी, जुन्या चादरीवर आडवी ठेवा. उभी धरून एका बाजूने रेटलं की मधोमध पोक येतो आणि तो परत बसत नाही. भांडी घासायचं पातळ लिक्विड कोमट पाण्यात, मऊ ब्रश किंवा स्पंज, दोन्ही बाजूंनी. प्रेशरवॉशर नको. त्याच्या झोताने जाळी खाचेतून बाहेर येते.

काय वापरू नये तेही सांगते, कारण बहुतेक जाळ्या इथेच मरतात. टॉयलेट धुवायचं ॲसिड नको, ते ॲल्युमिनियम आणि स्टील दोन्ही खातं. धुण्याचा सोडाही नको, ॲल्युमिनियमला आम्ल जितकं वाईट तितकाच तीव्र क्षारही वाईट. ब्लीचने स्टीलच्या जाळीवर खड्डे पडतात. आणि ब्लीच व ॲसिड एकाच बादलीत कधीही जाऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. तारेची घासणी स्टीलच्या जाळीवर फिरवली तर घासणीतले लोखंडाचे बारीक कण जाळीत अडकतात आणि महिनाभरात तिथेच गंजतात. बुरशीचे काळे ठिपके असतील तर पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी तीन भाग, पंधरा मिनिटं ठेवा, घासा, आणि लगेच भरपूर पाण्याने काढून टाका.

खाच: खरं काम इथे आहे

चौकटीला चारही बाजूंनी एक खाच असते. जाळीची कड त्या खाचेत दुमडून वरून रबर दाबलेलं असतं. जाळीवरून ओघळणारं खारट पाणी खालच्या पट्टीच्या खाचेत उतरतं आणि रबराच्या मागे अडकून राहतं. तिथे हात पोचत नाही, वारा पोचत नाही आणि साबण तर नाहीच नाही.

तीन पावसाळे सलग आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी खालच्या कडेने सुटत होती. मी दोनदा नवी जाळी घालून घेतली. बसवणाऱ्या कारागिराने दरवेळी जाळीला दोष दिला आणि मीही त्याचं ऐकलं. तिसऱ्या वेळी रबर मी स्वतः उपसलं. खालची अख्खी खाच पांढऱ्या भुकटीने भरली होती, ओल्या रांगोळीसारखी बोटाला लागत होती. तो ॲल्युमिनियमचा गंज. लोखंडाचा गंज तांबडा असतो म्हणून कळतो. हा पांढरा असतो, आणि माणसाला वाटतं चुना असेल. गंजलेला धातू मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. खाचेत तो फुगतो, रबराला बाहेर ढकलतो, आणि रबर सुटलं की जाळी सुटते. माझ्या दोन्ही जाळ्या चांगल्या होत्या.

म्हणून माझा ठाम सल्ला असा: दोन वर्षांतून एकदा, दिवाळीच्या आधी, निदान खालच्या पट्टीचं रबर बाहेर काढून खाच धुतलीच पाहिजे. त्याशिवाय केलेली सगळी धुलाई वरवरची आहे.

रबराचं एक टोक कोपऱ्यात सापडतं. बोथट सुईने ते उचला आणि हळूहळू खेचत या. खाच घासायला स्क्रूड्रायव्हर घेऊ नका. मी घेतला होता, आणि जिथे जिथे त्याचा ओरखडा उमटला तिथे पुढच्या वर्षी नवी पांढरी भुकटी आली, कारण कोटिंग फाटून उघडा धातू मिठाला मिळाला. बांबूची कामटी तासून घ्या, किंवा जुना टूथब्रश. भुकटी खरवडा, पाणी ओता, परत खरवडा, परत पाणी. तीन वेळा तरी. खाचेला पिनाच्या टोकाएवढे खड्डे पडले असतील तर पूर्ण वाळल्यावर गाडीला लावायचं मेणपॉलिश कापडाने पातळ लावा. तेल लावू नका. तेलावर वाळू चिकटते, आणि खोबरेल लावलंत तर मुंग्या येतात.

रबर परत घालताना बहुतेकांच्या दोन चुका होतात आणि माझ्याही झाल्या होत्या. पहिली म्हणजे रबर ताणून घालणं. ताणलेलं रबर त्या दिवशी छान बसतं आणि आठवडाभरात आखडून चारही कोपऱ्यांत बोटभर फट सोडतं. डास त्या फटीतून आत येतो आणि आपण जाळीत भोक शोधत बसतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे संध्याकाळी खिडकी बंद केली की झालं, असंही नाही. रबर कडक वाटत असेल तर पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवा, मऊ झालं की पुसून घाला, पण खेचू नका. तरीही कोपऱ्यात अपुरं पडत असेल तर नवं आणा. जुन्याचा तुकडा कापून दुकानात न्या, कारण जाडीत अर्ध्या मिलीमीटरचा फरक पडला तरी ते एकतर बसत नाही किंवा बसून राहत नाही.

दुसरी चूक म्हणजे जाळी हाताने ताणून धरणं. हॉलच्या मोठ्या खिडकीची जाळी मी ढोलकीसारखी ताणली आणि वरून रबर दाबलं. उभी करून पाहिली तर चौकटीच्या दोन्ही लांब बाजू मध्यावर आत ओढल्या गेल्या होत्या, आणि खिडकीत बसवल्यावर दोन्हीकडून अंगठा जाईल एवढी फट. ती चौकट पुन्हा सरळ झाली नाही. जाळी नुसती हाताने सपाट करून पसरायची. तिला ताण देण्याचं काम रबर करतं. खाचेत उतरताना ते आपणच जाळीला ओढून घेतं. चौकट मोठी असेल तर दोन लांब बाजूंच्या मध्ये, बरोबर आतल्या रुंदीएवढी कापलेली बांबूची काठी आडवी अडकवा आणि काम झाल्यावर काढून घ्या.

हार्डवेअरच्या दुकानात जाळी बसवायचा दोन चाकांचा रोलर मिळतो. रबरावर फिरवायचं ते खोबणीचं चाक. एका कोपऱ्यापासून सुरुवात करा, जाळीचे धागे चौकटीला समांतर आहेत ना ते दर वीतभर अंतरावर पाहत जा, आणि छोट्या छोट्या हातांनी दाबत या. एका दमात लांब रेटलं की चाक घसरतं आणि जाळी चिरते. उरलेली कड शेवटी, नव्या ब्लेडने, ब्लेडची धार बाहेरच्या बाजूला कलती धरून कापा.

ट्रॅक

खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाने पाणी जायची बारीक भोकं असतात. वाळू आणि पहिल्या पावसात दिव्यावर येणारे वाळवीचे पंख यांनी ती बुजतात. माडाचा हीर घालून मोकळी करा. ट्रॅक कोरडा झाला की मेणबत्ती घासा, जाळी लोण्यासारखी सरकते.

वाळवण्याची वेळ

हे काम पहाटेच उरकायचं. रात्री आणि सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, त्यात मीठ नसतं. अकरा-बाराच्या सुमारास वारा फिरतो आणि समुद्राकडून यायला लागतो. दुपारी धुतलेली ओली जाळी अंगणात उभी केली तर संध्याकाळपर्यंत तिच्यावर नवा थर बसलेला असतो, आणि ओल्या जाळीवर तो जास्त चिकटतो. मी सहाला सुरुवात करते, दहाच्या आत चार जाळ्या वाळून परत लागतात. एका दिवसात अकरा करायला जाऊ नका. खाच ओली असताना जाळी परत लावणं हे न धुण्याइतकंच वाईट आहे.

नवी जाळी घ्यायची असेल तर

ॲल्युमिनियमच्या चौकटीत मी फायबरचीच जाळी घालते. ती गंजत नाही. उन्हाने काही वर्षांत कडक होते आणि मांजरीच्या नखापुढे टिकत नाही, पण बदलणं सोपं. स्टीलची हवी असेल तर ३१६ नंबरची मागा. तिच्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठापुढे तीच टिकते. ३०४ च्या जाळीवर समुद्राकाठी चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग लवकर येतात. दुकानदार लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल माल" असं दाखवतात. त्यावर विश्वास ठेवू नका. हलक्या प्रतीचं काही स्टीलही लोहचुंबकाला चिकटत नाही, आणि चांगल्या ३०४ ची बारीक ओढलेली तार कधीकधी किंचित चिकटते. नंबर बिलावर लिहून घ्या. शिवाय स्टीलची तार आणि ॲल्युमिनियमची चौकट खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकल्या की झिजते ती चौकट. जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, जाळी मात्र किनाऱ्यावर कुणीही घेऊ नये.

जुन्या घरांत लाकडी चौकटीवर चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकलेल्या जाळ्या असतात. तिथे लोखंडी चुका उपटून पितळी ठोका.

मधल्या काळात, ऑक्टोबर ते मे, पाऊस फारसा नसतो आणि मीठ रोज येत असतं. तेव्हा दर पंधरा दिवसांनी जाळी न उतरवता गोड्या पाण्याची एक बादली आणि स्पंज, वरून खाली, शेवटी खालची पट्टी कोरड्या फडक्याने टिपून घ्या. एका खिडकीला पाच मिनिटं पुरतात. बोटाएवढी चीर दिसली तर नवी जाळी आणायची घाई नको. आमच्याकडे मासेमारीच्या जाळ्याचा बारीक नायलॉन दोरा सहज मिळतो, त्याने दुहेरी टाका घालून शिवते. त्या स्वयंपाकघराच्या जाळीला असे दोन टाके आहेत, आणि खाच साफ केल्यापासून ती जागची हललेली नाही.