बाळ मान धरत नाही, बसत नाही? व्यायामाची सुरुवात कशी करावी

"याचा बापही उशिराच चालला होता, होईल सगळं नीट." घरातली मोठी माणसं हे धीर द्यायला म्हणतात आणि कधी कधी ते खरंही ठरतं. पण पहिल्या वर्षात बाळाचा मेंदू फार झपाट्याने घडत असतो. ते महिने वाट बघण्यात गेले तर नुकसान बाळाचं होतं. नेमकं निदान व्हायला वेळ लागला, तरी फिजिओथेरपी त्यासाठी अडून राहत नाही.

आधी वय नीट मोजा. बाळ ८ आठवडे लवकर जन्मलं असेल आणि आज ६ महिन्यांचं असेल, तर ते ४ महिन्यांचं धरायचं. दोन वर्षांचं होईपर्यंत हाच हिशेब.

मग निरखून बघा. ४ महिने उलटले तरी मान सावरत नाही, मुठी सतत आवळलेल्या असतात, ९ महिने होऊनही आधाराशिवाय बसत नाही, १८ महिन्यांचं झालं तरी एकटं चालत नाही, यातलं काहीही असलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अंग फार ताठ किंवा फार सैल लागलं तरीही. एक खूण मात्र हमखास नजरेतून सुटते: वर्षाच्या आतच बाळ प्रत्येक वस्तू एकाच हाताने घेतं. 'डावखुरं होणार' म्हणून कौतुक करू नका, दुसरा हात कमजोर असू शकतो. आकडी आली किंवा आधी जमणारी गोष्ट बंद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खर्चाची काळजी असेल तर अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत मुलांची तपासणी करतात आणि गरज असलेल्या बाळाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात पाठवतात. तिथले उपचार मोफत असतात.

थेरपिस्ट आठवड्यातून एकदा-दोनदा भेटणार. बाकी वेळ बाळ तुमच्याच हातात असतं. म्हणून व्यायाम घरी करून घ्यायला शिका. सुरुवात बहुतेक वेळा पालथं घालण्यापासून होते. जमिनीवर सतरंजी अंथरा, दुपट्याची गुंडाळी करून बाळाच्या छातीखाली, काखेच्या रेषेत ठेवा. दोन्ही कोपरं खांद्यांच्या पुढे आणा. एक हात त्याच्या कुल्ल्यांवर हलकेच टेकवा, म्हणजे वजन मागे जाऊन डोकं उचलणं सोपं पडतं. तुम्ही समोर पालथं झोपा आणि बोला. खुळखुळ्यापेक्षा आईचा चेहरा जास्त कामाचा. पहिल्यांदा एक-दोन मिनिटं पुरे. रडलं तर उचला, दिवसभरात पुन्हा थोडं थोडं करा. दूध पाजल्यावर लगेच नको. झोपवताना मात्र नेहमी पाठीवरच.

पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर चढत असतील, तर थेरपिस्टकडून उचलण्याची पद्धत शिकून घ्या. बहुधा ते पाय फाकवून कमरेवर घ्यायला सांगतात.

मालीश जरूर करा, पण हातपाय जोरात ओढणं, बाळाला उलटं धरणं अजिबात नको. वॉकर तर घरात आणूच नका. त्याने चालणं लवकर येत नाही, अपघात मात्र होतात.

पुढच्या भेटीआधी बाळ घरी खेळत असतानाचा छोटा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन ठेवा. दवाखान्यात ते रडतं, अंग आखडून घेतं. घरी त्याला खरंच काय जमतं, ते थेरपिस्टला त्या व्हिडिओत दिसतं.